चाळीस थेंबांचा खोटा हिशेब

मराठी माणूस आपल्या पोटाविषयी भरभरून बोलतो. पित्त, वात, बद्धकोष्ठ हे विषय तो लग्नाच्या पंगतीतही काढू शकतो. रक्तदाब, साखर आणि गुडघे यांवर तर सकाळी फिरायला जाणाऱ्यांचे रोजचे परिसंवाद भरतात. पण बेंबीच्या खाली उतरले की त्याची भाषाच आटते. तेथे एक तर शिवी उरते, नाही तर संस्कृत संज्ञा. मधला, घरात चारचौघांत उच्चारता येईल असा साधा शब्द आपण घडवलाच नाही. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात पुरुषाच्या प्रजननसंस्थेची आकृती असते, बाण असतात, वृषण, शुक्राशय, पुरःस्थ ग्रंथी, काऊपर ग्रंथी अशी नावे असतात. परंतु अनेक वर्गांत तो धडा 'घरी वाचून या' या तीन शब्दांत संपतो. घरी तो कोणी वाचून दाखवत नाही, हे काही सांगायला नको.

ही रिकामी जागा मग दुसरेच कोणी तरी भरते. रेल्वेच्या रुळांलगतच्या भिंती, एसटी स्टँडवरच्या मुताऱ्या, वर्तमानपत्रांतल्या छोट्या जाहिराती आणि आता हातातला मोबाइल. 'निराश होऊ नका, एकदा अवश्य भेटा' असे सांगणाऱ्या या मंडळींचे भांडवल काय? तर एक हिशेब. चाळीस थेंब रक्तापासून मज्जेचा एक थेंब होतो आणि चाळीस थेंब मज्जेपासून वीर्याचा एक थेंब. कोणी चाळीसच्या जागी शंभर म्हणतो. आकडा बदलतो, भीती तीच राहते. रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शुक्र अशी सात धातूंची जी मांडणी आयुर्वेदात आहे, तिचेच हे बाजारी रूपांतर.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. चाळीस गुणिले चाळीस म्हणजे सोळाशे. एका वेळी तीन मिलिलिटर वीर्य बाहेर पडते असे धरले, तर त्यासाठी ४,८०० मिलिलिटर रक्त खर्ची पडायला हवे. प्रौढ माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. म्हणजे लग्नाच्या पहिल्या रात्रीच नवरदेवाला रुग्णालयात हलवावे लागेल! इतकी साधी त्रैराशिकाची गोष्ट. पण ती मांडून न पाहिल्यामुळे पिढ्यान् पिढ्यांची मुले झोपेत वीर्यस्खलन झाले म्हणून खचली आहेत. या भयगंडाला मनोविकारतज्ज्ञ डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' असे नाव दिले. थकवा, कंबरदुखी, उदासी या सगळ्यांचे खापर वीर्यनाशावर फोडणारा हा रुग्ण भारतीय उपखंडातल्या डॉक्टरांच्या चांगल्याच परिचयाचा आहे.

मुळात वीर्य हा एक पदार्थ नव्हेच. ते चार ठिकाणांहून आलेल्या स्रावांचे मिश्रण आहे. दोनतृतीयांशाच्या आसपास भाग शुक्राशयांचा, पाव ते तिसरा हिस्सा पुरःस्थ ग्रंथीचा, काऊपर ग्रंथींचे काही थेंब आणि वृषणांकडून आलेला भाग जेमतेम दोन ते पाच टक्के. नव्वद टक्क्यांहून अधिक ते पाणीच असते. त्यातली प्रथिने चमचाभर वरणातल्या प्रथिनांपेक्षा कमी भरतील. ते मज्जेतून झिरपत नाही की मेंदूतून उतरत नाही. ते या ग्रंथींमध्ये तयार होते, आणि लाळ जशी पुन्हा तयार होते तसेच पुन्हा तयार होते. या चारही ग्रंथींची कामे वेगळी आहेत, त्यांची दुखणी वेगळी आहेत आणि त्यांच्याविषयीच्या अज्ञानाची किंमतही वेगवेगळ्या माणसांना मोजावी लागते.

एक कारखाना, दोन विभाग

वृषण ही या संस्थेतली मुख्य ग्रंथी. तिच्यात दोन कामे चालतात आणि ती दोन वेगळ्या जागी चालतात. केसासारख्या बारीक, वेटोळ्या नलिकांमध्ये शुक्राणू तयार होतात. त्यांना सांभाळणाऱ्या पेशींना एन्रिको सेर्तोली या इटालियन शास्त्रज्ञाचे नाव आहे. नलिकांच्या मधल्या जागेत फ्रान्झ लायडिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाच्या पेशी असतात. त्या टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक बनवतात आणि सरळ रक्तात सोडतात. दाढीमिशा, घोगरा आवाज, स्नायूंची वाढ, कामेच्छा हे सारे या दुसऱ्या विभागाचे काम.

हा दुसरा विभाग सापडला तो कोंबड्यांमुळे. १८४९ साली जर्मनीतील ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी काही कोवळ्या कोंबड्यांची वृषणे काढली. त्यांचे तुरे सुकले, आरवणे आणि झुंजणे थांबले. दुसऱ्या काही कोंबड्यांची वृषणे काढून त्यांनी ती पोटात भलत्याच ठिकाणी रोवली. हे कोंबडे मात्र थाटात आरवत राहिले. मज्जातंतूंचा जुना संबंध तुटला होता. याचा अर्थ वृषणातून काही तरी रक्तात उतरत होते. अंतःस्रावांच्या शास्त्राची ही पहिली पायरी मानली जाते. पुढे १८८९ साली ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत वैद्यकाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण तरुण झाल्याची द्वाही फिरवली. तो मनाचा खेळ होता. टेस्टोस्टेरॉन पाण्याच्या अर्कात फारसे उतरत नाही आणि वृषणात त्याचा साठाही नसतो. १९३५ साली ॲमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर यांच्या प्रयोगशाळेने सुमारे १०० किलो बैलांच्या वृषणांतून हाती लागले ते अवघे १० मिलिग्रॅम! त्याच वर्षी ते कृत्रिमरीत्या तयारही झाले.

ब्राउन-सेकारचा मोह मात्र संपलेला नाही. पीळदार शरीराच्या हव्यासापायी आज व्यायामशाळांतून तरुण मुले याच संप्रेरकाची इंजेक्शने घेतात. आपण अधिक 'मर्द' होत आहोत अशी त्यांची समजूत असते. आत घडते ते नेमके उलटे. रक्तात बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आले की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना दिले जाणारे हुकूम थांबवते. वृषणातले स्वतःचे उत्पादन बंद पडते, शुक्राणूंची निर्मिती घटते, कधी शून्यावर येते आणि वृषणे लहान होतात. बाहेर दंड फुगत असताना आत कारखान्याला टाळे लागत असते. इंजेक्शने बंद केल्यावर ते उघडायला कित्येक महिने लागतात आणि ते पूर्ण उघडेलच याची हमी कोणी देऊ शकत नाही.

वृषणे शरीराबाहेर एका पिशवीत का लोंबतात, हा प्रश्न शाळकरी मुलाला पडतोच. शुक्राणूंची निर्मिती शरीराच्या तापमानापेक्षा दोनतीन अंश कमी तापमानात नीट चालते, हे त्याचे उत्तर. म्हणून जन्मल्यावर सहा महिन्यांपर्यंत ज्या बाळाचे वृषण पिशवीत उतरत नाही, त्याला तज्ज्ञाकडे नेऊन साधारण दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यायची असते. 'मोठा झाला की उतरेल' या आजीच्या धीरामुळे ही वेळ टळते. तसेच एखाद्या मुलाला वृषणात अचानक असह्य कळ आली, तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. सहा तासांच्या आत तो सोडवला तर वृषण बहुधा वाचते. पण बारा-तेरा वर्षांचा मुलगा आईजवळ 'पोटात दुखते' म्हणतो आणि हळद-ओव्यावर रात्र काढतो. शब्द नसल्याची किंमत ही अशी असते.

वांझ फक्त तीच?

वृषणातली ही दोन कामे वेगळी आहेत हे ध्यानात आले, की आपल्या समाजातला एक मोठा गोंधळ सुटतो. ज्या पुरुषाच्या वीर्यात एकही शुक्राणू नाही, त्याचे टेस्टोस्टेरॉन, त्याची दाढी आणि त्याचे कामजीवन पूर्णपणे ठीक असू शकते. म्हणजे 'मी पुरुष आहे' आणि 'माझ्यात दोष नसणारच' ही दोन विधाने एकमेकांना टेकलेली नाहीत. मराठीने मात्र ती टेकवून ठेवली आहेत. 'वांझ', 'वांझोटी' हे शब्द बाईसाठी. पुरुषासाठी जो शब्द आहे तो 'नपुंसक', आणि त्याचा अर्थच वेगळा. मूल होण्याची क्षमता नसलेल्या, पण बाकी धडधाकट पुरुषाला आपल्या बोलीत नावच नाही. ज्याला नाव नाही ते नसतेच, असे मानून आपण मोकळे होतो. महाभारतात नियोगाची तरतूद होती. संततीच्या बाबतीत नवरा असमर्थ असू शकतो, हे त्या समाजाला निदान मान्य होते. आपण तेवढेही मान्य करायला तयार नसतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा भागीदार असते. आणि ते शोधण्याची पहिली तपासणी किती सोपी? वीर्याचा नमुना आणि सूक्ष्मदर्शक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे वीर्य निदान १.४ मिलिलिटर आणि त्यात दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरली जाते. याच नमुन्यात फ्रुक्टोज ही साखर आहे की नाही तेही पाहता येते, आणि येथे दुसऱ्या ग्रंथीची ओळख होते.

शुक्राशय या मूत्राशयामागच्या दोन पिशव्या. 'शुक्राचा साठा करणाऱ्या' असे नाव असले तरी त्या शुक्राणूंचे कोठार नाहीत. त्या स्वतः स्राव करणाऱ्या ग्रंथी आहेत. शुक्राणूला पुढच्या प्रवासासाठी लागणारी शिदोरी, म्हणजे फ्रुक्टोज, त्या देतात. म्हणून वीर्य अगदी थोडे, आम्लधर्मी आणि त्यात फ्रुक्टोज नाही असे दिसले, तर शुक्राशय जन्मतः नसावेत किंवा त्यांची वाट बंद असावी असा तर्क करता येतो. अशा पुरुषाच्या वृषणात शुक्राणू उत्तम तयार होत असतात. फक्त बाहेर येत नाहीत. ते सुईने काढून, १९९२ पासून उपलब्ध असलेल्या तंत्राने, एकेक शुक्राणू बीजात टोचून मूल होऊ शकते. पण हे कळायला नवऱ्याने तपासणीला यावे लागते. प्रत्यक्षात बायकोच्या सोनोग्राफी होतात, दुर्बिणीतून तपासण्या होतात, सोळा सोमवार होतात, नवस होतात. आणि नवरा केस पेपर हातात धरून बाहेरच्या बाकावर बसलेला असतो. ज्याची तपासणी सर्वांत स्वस्त आणि वेदनारहित, त्याचीच सर्वांत शेवटी, हा क्रम वैद्यकशास्त्राने घालून दिलेला नाही.

नाव एकाचे, काम दुसऱ्याचे

या शुक्राशयांवर शास्त्रज्ञांनीही एकदा अन्याय केला आहे. १९३५ साली स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांना वीर्यात स्नायूंचे आकुंचन घडवणारे एक द्रव्य आढळले. ते पुरःस्थ म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावे असे वाटून त्याला 'प्रोस्टाग्लँडिन' हे नाव पडले. पुढे कळले, की वीर्यातला त्याचा मुख्य पुरवठा शुक्राशयांचा आहे. नाव मात्र चिकटले ते चिकटले. नंतर ही द्रव्ये शरीरभर सापडली. डोकेदुखीवर आपण ॲस्पिरिन घेतो तेव्हा ती प्रोस्टाग्लँडिनांची निर्मितीच रोखते. हा शोध जॉन व्हेन यांचा. १९८२ चे नोबेल त्यांना सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह मिळाले. बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी आणि प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी आज याच कुळातली औषधे वापरतात. पुरुषाच्या वीर्यात प्रथम दिसलेल्या द्रव्याने असंख्य बायकांचे प्राण वाचवले आहेत.

तिसरी ग्रंथी पुरःस्थ. तरुणपणी अक्रोडाएवढी. मूत्राशयाच्या तोंडाशी ती बसलेली असते आणि मूत्रमार्ग तिच्या पोटातून जातो. तिच्या स्रावात जस्त असते, सायट्रिक आम्ल असते आणि 'पीएसए' नावाचे एक प्रथिन असते. बाहेर पडताच घट्ट झालेले वीर्य पातळ करून शुक्राणूंना मोकळे करणे हे त्या प्रथिनाचे काम. तरुणपणी ही ग्रंथी आपले अस्तित्वही जाणवू देत नाही. चाळिशीनंतर मात्र ती हळूहळू वाढू लागते. साठीच्या सुमारास निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेकांत ही वाढ दिसते. घराच्या मधोमध वाढणाऱ्या झाडाने दारच अडवावे तशी ती मूत्रमार्ग आवळते.

मग आजोबा रात्री चार वेळा उठतात. धार बारीक होते, थांबत थांबत येते, झाल्यावरही पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. ते कोणाला सांगत नाहीत. कीर्तनाला शेवटच्या रांगेत बसतात, लांबचा एसटी प्रवास टाळतात, मुलीच्या गावी जाणे बंद करतात आणि पाणी पिणे कमी करतात. 'वय झाले' या दोन शब्दांत सगळे बसवतात. एका रात्री लघवी पूर्ण अडते आणि नळी घालायला धावपळ होते. तेव्हा कळते, की तुंबलेल्या लघवीने मूत्रपिंडांवरही ताण आणला आहे. हे सगळे टाळता येते. गोळ्या आहेत, दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया आहे. शस्त्रक्रियेनंतर वीर्य पुढे न येता पुष्कळदा मूत्राशयात मागे जाते; त्याने अपाय होत नाही, पण हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरतो. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे, हेही स्पष्ट सांगायला हवे. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात होतो आणि गुदद्वारातून बोटाने तपासताना तो कधी कधी हाताला लागतो. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. ती टाळली जाते ती केवळ संकोचाने. रक्तातले 'पीएसए' वाढले म्हणजेही कर्करोगच असे नाही. साधी वाढ किंवा जंतुसंसर्ग यांनीही ते वाढते. त्याचा अर्थ डॉक्टरांकडून लावून घ्यायचा, शेजाऱ्यांकडून नव्हे.

या ग्रंथी एकमेकींशी कशा बांधलेल्या आहेत, ते चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवले. वृषणांचे टेस्टोस्टेरॉन बंद केले की पुरःस्थ ग्रंथीचा पसरलेला कर्करोगही आक्रसतो, हा त्यांचा शोध. कर्करोगासारखा रोगही संप्रेरकांच्या हुकमाबाहेर नसतो हे त्यातून सिद्ध झाले आणि १९६६ साली त्यांना नोबेल मिळाले. या रोगाच्या उपचारांचा तो आजही एक आधारस्तंभ आहे.

चौथ्या काऊपर ग्रंथी वाटाण्याएवढ्या, दोन. विल्यम काऊपर या इंग्रज शल्यवैद्याने १६९९ साली त्यांचे वर्णन केले. उत्तेजनाच्या वेळी त्यांतून पारदर्शक, बुळबुळीत थेंब येतात. मूत्रमार्गातली आम्लता ते घालवतात आणि वाट ओली करतात. एवढेच त्यांचे काम. पण याच थेंबांना 'धात' समजून कित्येक मुलांनी वैदूंची घरे भरली आहेत. या थेंबांत कधी कधी शुक्राणूही उतरलेले असतात, म्हणून 'आयत्या वेळी सांभाळू' या पद्धतीवर विसंबणारी जोडपी फसतात.

नसबंदीची नसलेली भीती

आता तो पाच टक्क्यांचा हिशेब पुन्हा पाहू. नसबंदीत शुक्रवाहिनी कापून बांधतात. वृषणाकडून येणारा तेवढा किरकोळ भाग थांबतो. शुक्राशय, पुरःस्थ आणि काऊपर ग्रंथी पूर्वीप्रमाणेच काम करतात. टेस्टोस्टेरॉन तर नलिकेतून जातच नाही, ते रक्तातून जाते. म्हणजे वीर्याचे प्रमाण डोळ्यांना कळण्याइतके बदलत नाही, ताकद जात नाही, जड काम करता येत नाही असे होत नाही. वाटेत आधीच असलेले शुक्राणू संपेपर्यंत तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्य तपासून खात्री करून घ्यायची, एवढेच पथ्य.

तरीही पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) काय दिसले? विवाहित जोडप्यांत स्त्रीची शस्त्रक्रिया झालेल्यांचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषाची ०.३ टक्के. याला इतिहासही जबाबदार आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात सुमारे ६२ लाख पुरुषांच्या नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, कित्येकांच्या बळजबरीने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. बळजबरीची ती जखम खरी आहे आणि तिचा राग रास्त आहे. पण त्या रागाचा भार बाईच्या पोटावर का? तिची शस्त्रक्रिया पोटात शिरून करावी लागते, पुरुषाची पोट न उघडता काही मिनिटांत होते. सक्ती नको हे जितके खरे, तितकेच अज्ञानाच्या आडून पळ काढणेही नको.

कर्वे हरले ते कोठे?

महाराष्ट्राला हे सांगणारा कोणी भेटला नाही असे मुळीच नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक पदरमोड करून चालवले. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गमावली. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला होता तो वाचकांच्या लैंगिक शंकांना दिलेल्या उत्तरांबद्दल. कर्व्यांना दंड झाला. शंका विचारणारे आणि उत्तर देणारा दोघेही गप्प झाले असते, तर कायदा खूष झाला असता. दुसरीकडे, लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. त्या जाहिराती मात्र सुखेनैव चालू आहेत. खरे सांगणाऱ्याला दंड आणि खोटे विकणाऱ्याला भिंत, असा आपला न्याय.

२००७ साली किशोरवयीन मुलांसाठी शाळांतून लैंगिक शिक्षण द्यायचे ठरले, तेव्हा ज्या राज्यांनी त्याला विरोध केला त्यांत कर्व्यांचा महाराष्ट्रही होता. संस्कृती बुडेल अशी भीती तेव्हा व्यक्त झाली. अज्ञानाने संस्कृती तरते असा तर अनुभव नाही. पुस्तकातली ती आकृती आजही आहे. शिक्षकाने ती अर्धा तास उभे राहून, न हसता, न चिडता शिकवली, तर वैदूचे निम्मे दुकान बंद होईल. कुटुंबाच्या डॉक्टरांनी मूल नसलेल्या जोडप्यात आधी नवऱ्याचा कागद लिहावा. आणि घरातल्या कर्त्या मुलाने आपल्या वडिलांना रात्री किती वेळा उठावे लागते, हे त्यांना एकदा सरळ विचारावे. वडील आधी ओशाळतील, विषय बदलतील. पण बहुधा उत्तर देतील. कारण इतकी वर्षे ते कोणी विचारण्याचीच वाट पाहत असतात.